साथ, क्वारंटाइन आणि शाळेची हजेरी: इंग्लंडहून महाराष्ट्रात जाणाऱ्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि सुटीत मुलांना घेऊन पुणे, मुंबई, कोल्हापूर, रत्नागिरीकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. शाळेचे नियम इंग्लंडचे दिले आहेत. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. कोविडकाळातली उदाहरणे मुद्दाम तारखांसकट दिली आहेत. पुढची साथ कुठलीही असली तरी सुटीचा हिशेब कुठे चुकतो ते त्यांवरून कळते.

आज प्रवाशांना कोविडसाठी क्वारंटाइन आहे का?

नाही. ब्रिटनने प्रवाशांवरची शेवटची बंधने १८ मार्च २०२२ रोजी उठवली. भारताने २७ मार्च २०२२ पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने पुन्हा सुरू केली आणि प्रवाशांनी आधी ऑनलाइन भरायचा 'एअर सुविधा'चा फॉर्म २२ नोव्हेंबर २०२२ पासून बंद केला. शाळेच्या हजेरीचे नियम मात्र ऑगस्ट २०२४ पासून उलट कडक झाले आहेत.

क्वारंटाइनचा नियम असताना सुटीचा हिशेब कुठून सुरू करायचा?

शाळेच्या पहिल्या घंटेपासून, आणि तिथून उलटा. बहुतेक जण आधी स्वस्त तिकीट बघतात, मग परतीची तारीख ठरवतात आणि शेवटी शाळा कधी उघडते ते पाहतात. दहा दिवसांचा नियम असेल तर हा क्रम हमखास फसतो.

समजा, शाळा सोमवारी ६ सप्टेंबरला उघडते आणि परतल्यावर दहा दिवस घरात राहायचे आहे. इंग्लंडच्या नियमात पोचण्याचा दिवस मोजत नसत, तो 'शून्य' दिवस. त्यानंतरचे दहा पूर्ण दिवस घरात आणि अकराव्या दिवशी बाहेर. सोमवार अकरावा हवा असेल तर रविवार, ५ सप्टेंबर हा दहावा आणि गुरुवार, २६ ऑगस्ट हा शून्य दिवस येतो. म्हणजे २६ ऑगस्टला रात्री बाराच्या आत इंग्लंडच्या जमिनीवर पाय टेकले पाहिजेत. शनिवारी, २८ तारखेला उतरलात तर दहावा दिवस मंगळवारी येतो, मुले बुधवारी शाळेत जातात आणि दोन खाडे पडतात. पोचण्याचा दिवस 'पहिला' धरून मोजणे ही सर्रास होणारी चूक आहे, आणि ती एका खाड्याला पडते.

तिकिटावरची तारीखही नीट वाचा. मुंबईहून पहाटे दोनला सुटणारे २६ तारखेचे विमान म्हणजे २५ तारखेला रात्री दहा-अकराला विमानतळावर हजर. २६ च्या रात्री सामान घेऊन विमानतळावर गेलात तर विमान वीस तास आधीच उडालेले असते.

हा उलटा हिशेब आपल्याकडे नवा नाही. २०२० साली गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. मुंबईतून कोकणात जाणाऱ्यांना दहा दिवसांचे क्वारंटाइन होते आणि राज्य सरकारने १२ ऑगस्टपर्यंत गावी पोचायला सांगितले होते. बाराला पोचलेला माणूस बावीसला गणपतीसमोर बसू शकत होता. इंग्लंडच्या शाळेसाठीही असेच उलटे मोजायचे, फक्त चतुर्थीच्या जागी शाळेचा पहिला दिवस धरायचा आणि पोचण्याचा दिवस मोजायचा नाही.

किती दिवस राखीव ठेवावेत?

क्वारंटाइनच्या वर किमान तीन. विमान रद्द झाले तर एक-दोन दिवस जातात, चाचणीचा निकाल उशिरा आला तर आणखी एक. डिसेंबर २०२० पासून इंग्लंडमध्ये पाचव्या दिवशी खासगी चाचणी करून लवकर सुटण्याची सोय होती, पण तिच्यावर शाळेचा पहिला दिवस टांगू नका. पाचव्या दिवशी नमुना गेला म्हणजे पाचव्या दिवशी निकाल आला असे नाही.

भारतात उतरल्यावरचे दिवस कसे धरायचे?

ते सुटीतूनच वजा होतात, आणि मन दुखते ते इथेच. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांत ब्रिटनहून येणाऱ्याची विमानतळावर चाचणी, निगेटिव्ह आल्यास सात दिवस घरी, मग पुन्हा चाचणी असे होते. ऑक्टोबर हाफ टर्म, म्हणजे टर्मच्या मध्ये येणारी सुटी, एका आठवड्याची असते. नऊ दिवसांच्या सहलीतले सात दिवस आजीच्या घरातल्या एका खोलीत आणि परतल्यावर दहा दिवस शाळा बुडवून, हे गणित कुठल्याच बाजूने जुळत नाही. दोन्ही टोकांना क्वारंटाइन असेल तेव्हा एक आठवड्याच्या हाफ टर्मचा विचार सोडून द्या. नाताळ आणि ईस्टरच्या दोन आठवड्यांतही ते बसत नाही. साधारण सहा आठवड्यांची उन्हाळी सुटी हीच खरी जागा.

नियम ऐनवेळी बदलले तर?

बदलतात असेच धरून चाला. भारत २३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे चारला ब्रिटनच्या लाल यादीत (पोचल्यावर हॉटेलात क्वारंटाइन) गेला आणि ८ ऑगस्टला पहाटे चारला अंबर यादीत (घरी क्वारंटाइन) आला. दोन्ही वेळा मोजमाप इंग्लंडमध्ये उतरण्याच्या वेळेवर होते, मुंबईहून निघण्याच्या वेळेवर नाही. म्हणजे विमान हवेत असतानाही नियम बदलू शकतो.

दुसऱ्या बाजूनेही तसेच झाले. भारताने ४ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनहून येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना, लस घेतलेली असली तरी, दहा दिवसांचे क्वारंटाइन लावले आणि १३ ऑक्टोबरला ते मागे घेतले. हाफ टर्मची तिकिटे ज्यांनी दरम्यान घाबरून रद्द केली त्यांचे पैसे गेले, आणि थांबलेल्यांची सहल झाली. म्हणून तारीख बदलता येणारे तिकीट घ्या आणि निर्णयाचा एक दिवस आधीच ठरवा. प्रवासाच्या सात दिवस आधी जो नियम लागू असेल त्यावर जायचे की नाही ते ठरवायचे, रोजच्या बातम्यांवर नाही.

केंद्राचा नियम पाहिला. राज्याचा वेगळा असतो का?

असतो, आणि उतरताना राज्याचाच आडवा येतो. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने युरोप आणि आखातातून मुंबईत येणाऱ्यांना चौदा दिवसांचे संस्थात्मक (घरी नव्हे, ठरवून दिलेल्या जागी) क्वारंटाइन लावले. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस राज्याने पुन्हा केंद्रापेक्षा कडक आदेश काढला आणि केंद्राच्या आक्षेपानंतर दोनच दिवसांत तो सौम्य केला. म्हणून चार पायऱ्या तपासा: केंद्राचे आरोग्य मंत्रालय, महाराष्ट्र शासन, उतरण्याच्या शहराची महापालिका, आणि गावी जाणार असाल तर जिल्हाधिकारी. कोकणात ग्रामपंचायतींनीही आपापले नियम लावले होते. गावातल्या चुलत्यांना एक फोन करा. वेबसाइटवर नसलेली गोष्ट त्यांना ठाऊक असते.

क्वारंटाइनचे दिवस हजेरीपटावर कसे लागतात?

हे समजले की अर्धी काळजी मिटते. हजेरीपटावर प्रत्येक दिवसाची दोन सत्रे असतात, सकाळचे आणि दुपारचे, आणि प्रत्येक गैरहजेरीला एक अक्षर लागते. कोविडकाळात क्वारंटाइनमधल्या मुलाला 'एक्स' लागत असे आणि तो खाडा धरला जात नसे. परवानगीशिवाय सुटीवर नेलेल्या मुलाला 'जी' लागत असे, आणि आजही लागतो.

म्हणजे एकाच सहलीचे दोन तुकडे होत. टर्म सुरू असताना पुण्यात घालवलेले पाच दिवस 'जी', परतल्यावर घरात बसलेले दहा दिवस 'एक्स'. क्वारंटाइनचे दिवस माफ म्हणून सुटीचे दिवस माफ होत नाहीत. ही गल्लत खूप पालकांची होते.

ऑगस्ट २०२४ पासूनच्या नव्या यादीत यासाठी 'वाय ६' आहे: सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यामुळे किंवा मार्गदर्शनामुळे शाळेत येता न येणे. आणीबाणीमुळे प्रवाससेवाच मोठ्या प्रमाणावर कोलमडल्या तर 'वाय २'. दोन्हींत मुलाच्या हजेरीच्या टक्क्याला धक्का लागत नाही. पण अक्षर शाळा लावते आणि ती तुमच्या कागदावर विसंबून असते. विमान कंपनीचा रद्द झाल्याचा ईमेल आणि क्वारंटाइनचा अधिकृत आदेश त्याच दिवशी शाळेच्या कार्यालयाला पाठवा. टर्म संपताना शाळेच्या ॲपमध्ये मुलाची हजेरी उघडून कुठल्या दिवसाला कोणते अक्षर लागले ते पाहा. चूक असेल तर लगेच कळवा.

दंड किती?

परवानगीशिवाय दहा शालेय आठवड्यांत दहा सत्रे, म्हणजे पाच दिवस, बुडली की कौन्सिल (स्थानिक प्रशासन) दंडाचा विचार करते. ऑगस्ट २०२४ पासून पहिला दंड २१ दिवसांत भरल्यास ८० पौंड, त्यानंतर २८ दिवसांपर्यंत १६० पौंड. त्याच मुलासाठी तीन वर्षांत दुसऱ्यांदा झाला तर थेट १६०. तिसऱ्यांदा असा दंड नाही, प्रकरण न्यायालयात जाऊ शकते.

दंड प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे असतो. आईवडील आणि दोन मुले म्हणजे चार दंड: ३२० पौंड, उशीर झाला तर ६४०. स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे इथे जातात. शिवाय वर्षाची साधारण १९० दिवसांची शाळा धरली तर १९ दिवस बुडाले की मूल 'सतत गैरहजर' गटात मोजले जाते.

मुख्याध्यापकांकडे रजा कशी मागावी?

तिकीट काढण्याआधी, लेखी, आणि नेमकी. सप्टेंबर २०१३ पासून इंग्लंडमध्ये मुख्याध्यापक फक्त अपवादात्मक कारणासाठीच रजा देऊ शकतात, आणि 'तिकिटे तेव्हा स्वस्त होती' हे कारण त्यांत बसत नाही. 'दोन वर्षांत आजी-आजोबांना भेटलो नाही' हे कारण माणूस म्हणून कुणालाही पटते, पण नियमात त्याला हक्काची जागा नाही. तरी ते लिहा, निर्णय मुख्याध्यापकांचा असतो.

ईमेलमध्ये मुलाचे पूर्ण नाव आणि वर्ग, जाण्यायेण्याच्या तारखा, त्यांतले शालेय दिवस किती, कारण आणि पुरावा, परतीनंतर क्वारंटाइन लागू आहे का आणि मूल नेमके कोणत्या दिवशी वर्गात येईल, एवढे असावे. शेवटची तारीख अजिबात वगळू नका. बहुतेक अर्जांत परतीची तारीख असते, शाळेत येण्याची नसते, आणि मधल्या दिवसांना मग 'जी' लागतो.

आजारी नसताना मूल आजारी आहे असे कळवू नका. विमानतळावरचा फोटो किंवा मुलाच्याच तोंडचे 'आम्ही आजीकडे गेलो होतो' हे वाक्य सगळे उघड करते, आणि पुढच्या खऱ्या अडचणीत शाळेचा विश्वास उरत नाही.

घरात मृत्यू झाला किंवा कुणी अत्यवस्थ असेल तर?

निघा. शाळेला विमानतळावरून कळवले तरी चालते. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू हे अपवादात्मक कारण म्हणून शाळा सहसा मान्य करतात आणि 'सी' लावतात. रुग्णालयाचे पत्र किंवा मृत्यूचा दाखला नंतर द्या. किती दिवस मंजूर ते विचारून घ्या, कारण तेराव्यापर्यंत थांबायचे म्हटले तर दोन आठवडे जातात आणि शाळेने अंत्यविधीपुरते तीनच दिवस मंजूर केलेले असू शकतात. तेरावे म्हणजे काय, त्याला मुलाने असणे का गरजेचे आहे, हे दोन वाक्यांत लिहा.

भारताच्या ऑगस्ट २०२० च्या नियमांतही मृत्यू, गंभीर आजार, गर्भारपण आणि सोबत दहा वर्षांपर्यंतचे मूल असेल तर संस्थात्मक क्वारंटाइनऐवजी घरी राहण्याची मुभा होती. अर्ज मात्र विमानात बसण्याच्या किमान ७२ तास आधी करावा लागे. अशी सवलत पुढेही आली तर अर्जाची मुदत आधी वाचा.

भारतातच अडकलो तर शाळेतून नाव कमी होते का?

होऊ शकते. परवानगीशिवाय सलग वीस शालेय दिवस मूल आले नाही, किंवा मंजूर रजा संपल्यावर दहा शालेय दिवसांत परतले नाही, तर शाळा आणि कौन्सिल मिळून चौकशी करतात आणि नाव कमी करण्याची वाट मोकळी होते. लोकप्रिय शाळेत एकदा जागा गेली की परत मिळेलच असे नाही.

उपाय सोपा आहे: गप्प राहू नका. दर सोमवारी एक ईमेल: मूल कुठे आहे, का येऊ शकत नाही, पुढचे तिकीट कोणत्या तारखेचे. सोबत त्या आठवड्याचा कागद. डिसेंबर २०२० मध्ये भारताने ब्रिटनची विमाने बंद केली, ती भारतातून ६ जानेवारीला आणि ब्रिटनहून ८ जानेवारीला सुरू झाली. कारण आपल्या हातात नसल्याचा कागद अशा वेळी मुलाची जागा वाचवतो.

मुलांना सूट आणि आईवडिलांना क्वारंटाइन, असे झाले तर शाळेत कोण सोडणार?

हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही आणि पहिल्याच सकाळी उभा राहतो. १९ जुलै २०२१ पासून अंबर देशांतून येणाऱ्या, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या अठरा वर्षांखालच्या मुलांना क्वारंटाइन नव्हते. ज्या पालकांची लस ब्रिटनने मान्य केलेली नव्हती त्यांना दहा दिवस होते. भारतात कोव्हिशील्ड घेतलेल्यांचे प्रमाणपत्र ब्रिटनने ११ ऑक्टोबर २०२१ पासून स्वीकारले.

म्हणजे सहा वर्षांच्या मुलीने वर्गात असायला हवे आणि आईला दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. प्राथमिक शाळेत लहान मुलांना मोठ्या माणसाच्याच हाती देतात आणि त्या माणसाचे नाव शाळेकडे नोंदलेले लागते. म्हणून निघण्यापूर्वीच एका शेजाऱ्याचे किंवा वर्गातल्या दुसऱ्या पालकाचे नाव आणि फोन शाळेला द्या. शाळेचा संकेतशब्द असेल तर तोही त्यांना सांगा. गणवेश, बूट, डबा आणि पाण्याची बाटली जाण्याआधीच दाराजवळच्या पिशवीत भरून ठेवा. परतल्यावर घराबाहेर जाऊन काही आणता येत नाही.

चाचणी आणि कागद कुठे अडतात?

दोन ठिकाणी, तासांत आणि नावात. '७२ तास' कशापासून मोजायचे ते प्रत्येक नियमात वेगळे असते. सहसा नमुना दिल्याच्या वेळेपासून मोजतात, निकालाच्या वेळेपासून नाही. सोमवारी पहाटेच्या विमानासाठी शुक्रवारी सकाळी नमुना दिला तर काठावरच राहता. शनिवारी द्या. लॅब रविवारी चालू असते का हे फोन करून विचारा. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिटनने ही मुदत दोन दिवसांवर आणली तेव्हा तीन दिवसांपूर्वीचे अहवाल कुचकामी ठरले.

वयाच्या रेषाही वेगवेगळ्या. इंग्लंडला निघण्यापूर्वीच्या चाचणीतून दहा वर्षांपर्यंतची मुले सुटत, पोचल्यानंतरच्या चाचण्यांतून फक्त चार वर्षांपर्यंतची. भारत पाच वर्षांखालच्या मुलांना दोन्हीकडे सूट देत असे. सात वर्षांच्या मुलाला एका टप्प्यात चाचणी नाही आणि दुसऱ्यात आहे, हे डोक्यात ठेवूनच किट मागवा.

नावाचा घोळ आपल्याकडचा खास. पासपोर्टवर मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आधारवर आडनाव आधी, लग्नानंतर बदललेले नाव एका कागदावर आणि माहेरचे दुसऱ्यावर. कोविनच्या (भारताच्या लसनोंदणी पोर्टलच्या) प्रमाणपत्रावर नाव बहुतेकदा आधारवरून येई. म्हणून जून २०२१ पासून त्याला पासपोर्ट क्रमांक जोडण्याची सोय केली गेली. लॅबच्या काउंटरवर नाव तोंडी सांगू नका, पासपोर्ट उघडून समोर ठेवा आणि पावती हातात आल्यावर एकेक अक्षर जुळवा.

निघण्याआधी मूल पॉझिटिव्ह आले तर?

मूल खरेच आजारी असेल तर शाळेसाठी ते 'आय', म्हणजे आजारपण. अहवाल पाठवा. एक पालक मुलासोबत थांबेल आणि दुसरा भावंडाला घेऊन परतेल, असे दोन-दोनचे नियोजन आधीच करून ठेवा. त्यासाठी चारही तिकिटे एकाच बुकिंगमध्ये असतील तर ती वेगळी करता येतात का, हे विमान कंपनीला आधी विचारा.

परतल्यावर आठव्या दिवसाची चाचणी पॉझिटिव्ह आली तर तिथून नवे दहा दिवस सुरू होत. आठ आणि दहा, अठरा. वाईटात वाईट हिशेब हाच.

हॉटेल क्वारंटाइनचा खर्च किती होता?

भारत लाल यादीत असताना तिथून आल्यास अकरा रात्री, पहिल्या प्रौढाला १,७५० पौंड, त्याच खोलीतल्या दुसऱ्याला ६५०, पाच ते बारा वयाच्या मुलाला ३२५, पाचखालचे फुकट. सात आणि नऊ वर्षांच्या मुलांसह चौघांचे ३,०५० पौंड. हॉटेलात चार जण अकरा रात्री बंद, म्हणून मुलांची शाळेची पुस्तके हातातल्या बॅगेत ठेवा.

प्रवासविम्यावर फार विसंबू नका. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने अत्यावश्यक प्रवासाशिवाय जाऊ नका असा सल्ला दिलेला असताना गेलात तर बहुतेक विमे लागू होत नाहीत.

मुलांकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. ओसीआय नसेल तर चालेल?

साथीच्या काळात नुसत्या व्हिसावर अवलंबून राहू नका, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते आजीवन प्रवेशाचे कार्ड) काढून ठेवा. मार्च २०२० मध्ये व्हिसा आणि ओसीआयवरचा प्रवेश दोन्ही थांबले होते. ओसीआयधारक सगळ्यांना ऑक्टोबर २०२० मध्ये परत परवानगी मिळाली, ब्रिटिश पासपोर्टवर ई-व्हिसा मात्र थेट डिसेंबर २०२२ मध्ये. घरात एका मुलाकडे ओसीआय आणि धाकट्याकडे नाही, अशी स्थिती असेल तर धाकट्याचा अर्ज आत्ताच करा.

ऑनलाइन वर्गाला बसवले तर हजेरी लागते का?

नाही. घरून अभ्यास केला तरी हजेरीपटावर मूल गैरहजरच असते. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेपाच, म्हणजे इंग्लंडचा सकाळी नऊचा वर्ग पुण्यात दुपारी दीड किंवा अडीचला. अभ्यास मागे पडू नये म्हणून हे उत्तम, पण दंड त्याने टळत नाही.

गणपतीला मुलांना नेता येईल असे वर्ष कोणते?

चतुर्थी ऑगस्टमध्ये येते ते. २०२८ मध्ये ती २३ ऑगस्टला आहे, उन्हाळी सुटीच्या पोटात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला जाते, शाळा सुरू झाल्यावर. २०२७ मध्ये ४ सप्टेंबर, शनिवार. दीड दिवसाचा गणपती असेल तर रविवारी विसर्जन. शाळा कधी उघडते ते कौन्सिलच्या कॅलेंडरवर पाहा. सोमवारी, ६ सप्टेंबरलाच उघडत असेल तर विसर्जन उरकून रात्रीचे विमान धरले तरी मुले सोमवारी सकाळी वर्गात नाही, विमानतळावरच्या रांगेत असतील. त्या वर्षी गणपती इंग्लंडच्या घरी बसवा आणि कोकणातले तिकीट २०२८ साठी ठेवा.